दर्यापूरच्या झिंग्याला कुठल्या लॅबचा कागद चालतो?

प्रश्न थोडक्यात असा: "दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, माझ्या काकांसह चार शेतकऱ्यांनी शेततळ्यांत व्हॅनामेई झिंगा घेतला. आंध्रच्या व्यापाऱ्याने लॅब रिपोर्ट मागितला. शहरातल्या 'शासनमान्य' लॅबचा रिपोर्ट दिला, पण झिंगा निर्यात करणाऱ्या कारखान्याने तो मानला नाही, स्वतः पुन्हा तपासणी केली आणि तोवर पैसे अडकवून ठेवले. ती लॅब खोटी होती का? मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. आहे. निर्यातीसाठी मान्यता असलेली लॅब आपल्याकडेच काढता येईल का? मान्यतेची तपासणी कशी होते?"

भाऊ, लॅब खोटी नसावी. तुम्ही पाठवलेला रिपोर्ट मी दोनदा वाचला. वर एनएबीएलचं, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, चिन्ह आहे, खाली सही आहे, यूएलआर क्रमांक, म्हणजे त्या रिपोर्टाचा स्वतंत्र क्रमांक आहे. आता चाचण्यांचा रकाना बघा. पीएच, क्षारता, क्लोराइड, शिसं, आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत 'अँटिबायोटिक्स: आढळले नाहीत'. कोणतं अँटिबायोटिक? कोणत्या पद्धतीने शोधलं? किती बारीक पातळीपर्यंत शोधलं? काहीच लिहिलेलं नाही. त्या ओळीपुढे एक फुली आहे आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत टीप आहे की ही चाचणी मान्यतेच्या व्याप्तीबाहेरची आहे. यूएलआर क्रमांकाचं शेवटचं अक्षर 'पी' आहे. रिपोर्टातल्या सगळ्या चाचण्या मान्यतेत असतील तर तिथे 'एफ' येतो, काहीच असतील तर 'पी'. कारखान्याच्या क्वालिटीवाल्याने एवढं पाहिलं आणि कागद बाजूला सारला. त्याच्या खुर्चीवर मी बसलो असतो तर मीही तेच केलं असतं.

मी मूळचा अंजनगाव सुर्जीचा, पण नोकरीची वीसेक वर्षं समुद्रकाठच्या लॅबमध्ये झिंगे वाटण्यात गेली. 'वाटण्यात' हा शब्द शब्दशः घ्या, नमुना मिक्सरमध्ये वाटल्याशिवाय आमचं काम सुरूच होत नाही. या वीस वर्षांत लोकांना सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगावी लागलेली गोष्ट एकच आहे: मान्यता लॅबच्या इमारतीला किंवा नावाला मिळत नाही, ती एकेका ओळीला मिळते. कोणता पदार्थ, कशात शोधायचा, कोणत्या पद्धतीने, कुठल्या मर्यादेपर्यंत, अशी ती ओळ असते. अशा ओळींची यादी म्हणजे त्या लॅबची व्याप्ती, आमच्या बोलीत 'स्कोप'. पाण्यातल्या शिशासाठी मान्यता असलेली लॅब झिंग्याच्या मांसातल्या क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकसाठी तुमच्या-माझ्यासारखीच बिनमान्यतेची. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रत्येक लॅबचा स्कोप उघड असतो. पैसे भरायच्या आधी तो उघडून त्यात 'मासे व मत्स्यउत्पादने' आणि तुम्हाला हवं ते औषध हे शब्द आहेत का, एवढं बघायचं. नसतील तर ती लॅब तुमच्या पाण्यासाठी ठेवा. पाण्याची तपासणी तुम्हाला तशीही लागणारच आहे, कारण खारपाणपट्ट्यातलं भूजल खारट असलं तरी ते समुद्राचं पाणी नव्हे. त्यात पोटॅशियम कमी पडतं, झिंग्याची कात नीट टाकली जात नाही, मग म्युरेट ऑफ पोटॅश घालावं लागतं. ते तुमच्या काकांना माहीत असेलच.

आता 'शासनमान्य' या शब्दाकडे येऊ. पाटीवर तो फार सोपा दिसतो. प्रत्यक्षात एकावर एक चढवलेले तीन-चार थर आहेत.

सगळ्यात खाली एनएबीएल. हे मंडळ आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकावर लॅबची क्षमता तोलतं, चालू आवृत्ती २०१७ची. त्यावर निर्यात निरीक्षण परिषद. ही १९६३च्या निर्यात गुणनियंत्रण व तपासणी कायद्याखालची, केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाची. मासळी परदेशी पाठवणाऱ्या कारखान्याला मान्यता क्रमांक देणं आणि खेपेसोबतचं आरोग्य प्रमाणपत्र देणं हे तिचं आणि तिच्या अभिकरणांचं काम. अभिकरणं मुंबई, कोलकाता, कोची, चेन्नई आणि दिल्लीला आहेत. परिषद स्वतःच्या लॅब चालवते आणि बाहेरच्या लॅबही मान्य करते. बाहेरच्या लॅबला आधी एनएबीएल लागतं, मग परिषदेची माणसं येऊन पुन्हा तपासतात, आणि मान्यता पुन्हा ओळीओळीनेच देतात. तिसरा थर एमपीडाचा, म्हणजे समुद्री उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाचा, मुख्यालय कोची. तळ्यांची नोंदणी, हॅचरीपासून खाद्यापर्यंत आणि तळ्यापासून कारखान्यापर्यंत नमुने उचलणारी राष्ट्रीय अवशेष (म्हणजे औषधांचे उरलेले अंश) नियंत्रण योजना, आणि काढणीपूर्व चाचणी या गोष्टी त्यांच्याकडे. सगळ्यात वर बसलाय माल घेणारा देश. त्याला पटलं नाही तर खालचे तिन्ही शिक्के कागदावरच राहतात.

यातून तुमच्यासाठी एक दिलासा निघतो. निर्यातीचं प्रमाणपत्र शेतकऱ्याला लागतच नाही, ते कारखान्याला लागतं. तुमच्याकडून कारखान्याला तीन गोष्टी हव्या असतात: तळ्याची नोंदणी, काढणीपूर्व चाचणीचा निकाल आणि कशाकशाचा वापर केला त्याची वही. त्यातली वही तुमच्या भागातल्या एकाकडेही नसणार, हे मी पैजेवर सांगतो. पूर्व विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या रोहू-कतल्याला हा जाच नाही, ती मासळी संध्याकाळपर्यंत गावात आणि नागपुरात संपून जाते. तुम्ही परदेशी जाणारं पीक निवडलं, आता त्याचा हिशेबही परदेशी मापाने द्यावा लागणार.

ते माप किती बारीक आहे ते एकदा मनात बसवून घ्या, म्हणजे बाकी सगळं आपोआप कळेल. युरोपने क्लोरॅम्फेनिकॉलसाठी कारवाईची पातळी पूर्वी किलोला ०.३ मायक्रोग्रॅम धरली होती. नोव्हेंबर २०२२ पासून ती ०.१५ झाली. नायट्रोफ्युरान या अँटिबायोटिकांच्या गटाच्या अवशेषांसाठी १ होती, ती ०.५ झाली. ०.१५ मायक्रोग्रॅम किलोला म्हणजे एका टनात ०.१५ मिलिग्रॅम. मेडिकलमध्ये मिळणारी क्लोरॅम्फेनिकॉलची २५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल साडेसोळाशे टनांहून जास्त झिंगा बाद करायला पुरेल. डोळ्यांत घालायचं मलम १ टक्क्याचं असतं. त्यातल्या एका ग्रॅममध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे पासष्ट टनांहून जास्त झिंग्याचा निकाल. हा नुसता गणिताचा खेळ नाही. एका पावसाळ्यात डोळ्यांची साथ होती. आमच्याकडे आलेल्या एका नमुन्यात क्लोरॅम्फेनिकॉल निघालं, आणि तळ्यावर काही वापरलंच नव्हतं असं मालक शपथेवर सांगत होता. खोदून विचारल्यावर कळलं की नमुना भरणाऱ्या पोराचे डोळे आले होते आणि त्याने बोटाने मलम लावून त्याच हाताने झिंगे पिशवीत भरले होते. दुसरा नमुना स्वच्छ निघाला. पण तोवर आठ दिवस गेले होते आणि भाव उतरला होता.

म्हणून 'आढळले नाहीत' हे वाक्य मर्यादेशिवाय बिनकामाचं आहे. कशातही काहीच न आढळणारी लॅब उघडणं सगळ्यात सोपं असतं. चांगला रिपोर्ट म्हणतो: क्लोरॅम्फेनिकॉल, झिंग्याच्या मांसात, एलसी-एमएस/एमएस पद्धतीने (म्हणजे रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राने), अमुक पातळीपर्यंत शोधलं आणि त्याखाली आहे. ती पातळी ०.१५च्या खाली असायला हवी. जुन्या ०.३वर अडकलेली लॅब युरोपच्या मालाला चालणार नाही. युरोपचं नाव पुन्हा पुन्हा घेतोय कारण २०१६ मध्ये त्यांनी भारतीय तळ्यातल्या झिंग्याचे बंदरावर नमुने घेण्याचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेलं. तेव्हापासून कारखाने तळ्याच्या कागदाबाबत फार कडक झाले. माल अमेरिकेला जाणार असला तरी कारखान्याला तो कुठे वळवावा लागेल हे आधी माहीत नसतं, म्हणून तो सगळ्यात कडक मापच लावतो.

तुम्ही केमिस्ट्रीवाले आहात, तर आत काय चालतं तेही सांगतो. नायट्रोफ्युरानचं मूळ औषध मांसात काही तासांतच मोडून जातं. त्याचे तुकडे मात्र प्रथिनांना चिकटून आठवडेच्या आठवडे राहतात, म्हणून शोध तुकड्यांचा घ्यायचा. वाटलेल्या मांसात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ते बंध सोडवायचे, त्याच वेळी २-नायट्रोबेंझाल्डिहाइड घालून तुकड्यांना यंत्रात दिसेल असं जड करायचं, आणि ही सगळी नळी ३७ अंशांवर रात्रभर हलवत ठेवायची. हे अभिक्रियक उजेडाला नाजूक, म्हणून नळ्यांना फॉइल. सकाळी पीएच जागेवर आणायचा, इथिल अॅसिटेटने काढून घ्यायचं, नायट्रोजनच्या झोतात सुकवायचं, मग यंत्रात. 'आज नमुना दिला, संध्याकाळी रिपोर्ट द्या' म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला मी हीच रात्रीची पायरी सांगायचो. या पद्धतीत ही रात्र कुणी वाचवली असेल तर त्याने चाचणी पुरी केलेली नाही.

नायट्रोफ्युरानच्या ज्या चार तुकड्यांचा आम्ही शोध घ्यायचो, त्यांतला एक आहे सेमीकार्बाझाइड. तो आम्हाला चांगलाच भोवला आहे. गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याचा एक नमुना आला होता, आपल्याकडेही काही जण हा झिंगा करतात. आमच्या नव्या मुलाने सालीसकट वाटला. सेमीकार्बाझाइड भरपूर निघालं. मी सही केली. शेतकऱ्याचा माल थांबला, तो फोनवर रडकुंडीला आला. मग जुने लेख काढून वाचले: या झिंग्याच्या सालीत सेमीकार्बाझाइड निसर्गतःच असतं, औषधाशी त्याचा संबंध नाही. राखीव नमुना सोलून, फक्त मांस घेऊन पुन्हा लावला, काही नाही. सालीबद्दल एक वाक्य आमच्या कार्यपद्धतीत नव्हतं आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. त्या दिवसापासून 'नमुन्याचा कोणता भाग घेतला' हा रकाना नसलेल्या लॅबवर माझा विश्वास बसत नाही.

मान्यतेची तपासणी कशी होते हाही तुमचा उपप्रश्न आहे. लोकांना वाटतं निरीक्षक यंत्रं मोजतात. आमच्याकडे आलेल्या एका बाईंनी यंत्राकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी फायलीतून सहा महिन्यांपूर्वीचा एक रिपोर्ट उचलला आणि म्हणाल्या, "ह्याच्या मागे मागे चला." नमुना कुणी घेतला, आला तेव्हा तापमान किती होतं, कोणत्या फ्रीजमध्ये कितव्या कप्प्यात होता, तो फ्रीज त्या दिवशी किती अंशांवर होता, तो तापमापक कुणी आणि कधी पडताळला, वजनकाट्यावर त्या सकाळी कोणतं वजन ठेवून पाहिलं, प्रमाण द्रावण कोणत्या बाटलीतलं, ती बाटली कधी उघडली, ज्याने चाचणी केली त्याला त्या चाचणीसाठी कुणी पात्र ठरवलं. दोन तास त्या एका कागदावर गेले. फ्रीजच्या तापमापकापाशी आम्ही अडकलो, त्याच्या पडताळणीची तारीख अकरा दिवस उलटून गेली होती. त्रुटी लिहिली गेली, ती का घडली आणि पुन्हा घडू नये म्हणून काय केलं हे पुराव्यासह पाठवलं, मगच गाडी पुढे सरकली. याशिवाय बाहेरून अनोळखी नमुने येतात, त्यांची उत्तरं आयोजकालाच माहीत असतात. तुमचं उत्तर बाकी लॅबांच्या आसपास आलं पाहिजे. सलग चुकलात तर ती ओळ स्कोपमधून जाते.

मग दर्यापुरात लॅब काढावी का? माझं मत: अवशेषांची लॅब नको. एलसी-एमएस/एमएस यंत्र कोटीच्या घरात जातं, पण ते सोडा, कर्ज मिळेलही. खरा प्रश्न ते यंत्र जिवंत ठेवण्याचा आहे. त्याच्या पोटात दिवसरात्र निर्वात ठेवावा लागतो, नायट्रोजन अखंड लागतो, खोली थंड लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. पंप बंद पडून यंत्र बसलं की पुन्हा स्थिर व्हायला वेळ खातं. आणि चार तळ्यांचे नमुने वर्षाला असे कितीसे? ज्या हाताखालून रोज नमुने जात नाहीत तो हात चुकतो. एलायझा किटचं, म्हणजे रंग बदलण्यावरून अंश ओळखणाऱ्या तयार चाचणीचं, तसं नाही, ते स्वस्त आणि शिकायला सोपं. पण ते गाळणीचं काम करतं. संशयित निघालं तर शिक्कामोर्तब मोठ्या यंत्रावरच होतं. शिवाय एका किटच्या ९६ खळग्यांतले बरेच खळगे तुलनेसाठीची प्रमाण द्रावणंच खातात. दोन-चार नमुन्यांसाठी किट फोडणं म्हणजे चार माणसांसाठी लग्नाचा भटारखाना लावणं.

त्यापेक्षा तुम्ही नमुना आणि नोंदींचं काम हातात घ्या. एम.एस्सी.ला हे हलकं वाटेल, पण निम्मे वाद इथेच जन्मतात. तुमच्या रिपोर्टावरही बघा, 'नमुना ग्राहकाने आणून दिला, निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता' असं लिहिलं आहे. म्हणजे लॅब त्या पिशवीची हमी देते, तळ्याची नाही. तळ्याची हमी देणारा माणूस तिथे हवा. कारखान्याला विचारा, 'आमच्या माणसाने, तुमच्याच पद्धतीने नमुना काढला तर चालेल का?' आंध्रचे अनेक कारखाने स्वतःचा माणूस पाठवतात. इतक्या लांबून चार तळ्यांसाठी तो येणार नाही, तिथे तुमची गरज पडते.

हात स्वच्छ पाण्याने धुवा, साबण-क्रीम-मलम काही नको, तंबाखूही नको. चारही कोपऱ्यांतून आणि मधून जाळं फेकून किलोभर झिंगा घ्या, फक्त चेक ट्रेवरचा (खाद्य संपलं का ते बघायच्या ताटातला) उचलू नका. बर्फाच्या पाण्यात लगेच मारा. नव्या पिशवीत दोन भाग करा, एक लॅबला, एक सील करून मालकाच्या सहीनिशी डीप फ्रीजमध्ये. चिठ्ठी पेन्सिलने लिहा आणि बाहेरच्या पिशवीत घाला, बॉलपेनची शाई ओलीत पसरते. थर्माकोलच्या खोक्यात जेल पॅक घालून अमरावती-मुंबई एक्सप्रेसने रात्री निघालं तर सकाळी मुंबईत पोचतं, निर्यात निरीक्षण अभिकरणाची लॅब तिथे आहे. आधी फोन करून त्या ओळीची चाचणी आणि तुमच्यासारख्याचा नमुना घेतात का, हे विचारून घ्या. हे सगळं काढणीच्या निदान आठ-दहा दिवस आधी. एप्रिल-मेमध्ये तर आणखी आधी, कारण उन्हाने ऑक्सिजन कोसळायला लागला की काका रिपोर्टाची वाट बघत बसणार नाहीत आणि त्यांनी बसूही नये.

वहीत खाद्य, चुना, पोटॅश, सगळं लिहा, पण 'प्रोबायोटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर विशेष नजर ठेवा. माझ्या पाहण्यातली बहुतेक बाद तळी शेतकऱ्याने जाणूनबुजून औषध दिल्यामुळे बाद झालेली नाहीत, अशा पुड्यांमुळे झाली आहेत. लेबलवर घटक नाहीत, बॅच नंबर नाही, आणि 'दोन दिवसांत झिंगा उठतो' असं दुकानदार सांगतो. इतक्या झटपट काय उठवतं ते मला विचारू नका. प्रत्येक पुडीचा बॅचसकट फोटो आणि चमचाभर पावडर बंद डबीत जपून ठेवा.

जिवंत प्राण्यांची तपासणी हा वेगळा विषय, त्यात मात्र तुम्हाला पुढे वाव आहे. बीज आणताना किंवा शोभेचे मासे बाहेर पाठवताना अवशेष बघत नाहीत, रोग बघतात: पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू, ईएचपी हा सूक्ष्म परजीवी, माशांत कोई हर्पिस, टिलापिया लेक व्हायरस. यातले बरेच रोग जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत आहेत, पण घेणारा देश काय मागतो ते त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात असतं, तो कागद आधी हातात घ्यायचा. इथे यंत्र पीसीआरचं, किंमत अवशेषांच्या यंत्रापेक्षा कितीतरी कमी. पण खोल्या तीन लागतात: द्रावणं बनवायची, नमुना फोडायची आणि यंत्राची. माणूस एकाच दिशेने जातो, तिसऱ्या खोलीतला अॅप्रन पहिल्या खोलीत येत नाही. एकाच खोलीत सगळं मांडलं की महिनाभरात निरोगी बीजही रोगी दिसायला लागतं, कारण हवेत आधीच्या चाचणीचे तुकडे तरंगत असतात. आणि 'दहा पिल्लं तपासली, निगेटिव्ह' याला काही अर्थ नाही. दोन टक्के लागण असेल आणि ती ९५ टक्के खात्रीने पकडायची असेल तर १५० पिल्लं लागतात. पाच-पाचचे ३० गट करून लावता येतात. हे शिकायला नागपूरला तेलंगखेडीचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे जाऊन महिनाभर नुसतं नमुने फोडायला मिळालं तरी पुष्कळ.

अडकलेल्या पैशांचं म्हणाल तर कारखान्याला त्यांनी केलेल्या फेरतपासणीचा रिपोर्ट लेखी मागा. तो स्वच्छ असेल तर पैसे रोखायला कारण उरत नाही. स्वच्छ नसेल तर राखीव नमुना मागा, आणि झिंगा सालीसकट वाटला होता का तेही विचारा.